सिलाबान करणे

हर्तोयोच्या कंपनीत ‘सिलाबान करणे’ असं एक क्रियापद होतं. सिलाबान हे खरं तर सुमात्रातल्या बाताक लोकांचं आडनाव. त्याचं क्रियापद करण्याचं पाप जगात फक्त याच कंपनीने केलं होतं. भाताचं पातेलं करपलं की आचारी शेजारच्याला म्हणे, "बाबा रे, आज माझ्यासाठी जरा सिलाबान कर. मी कालच शिव्या खाल्ल्यात." मग तो शेजारचा मोठ्या सार्जंटसमोर छाती काढून उभा राही आणि ओरडे, "सियाप, चुकलो!" सार्जंटला सगळं कळत असे. पण एकदा कुणी चुकलो म्हटलं की पुढे बोलायचं तरी काय? तो दोन शिव्या हासडून निघून जाई, आणि करपलेला भात सगळे मुकाट्याने खात.

सियाप म्हणजे तयार. पण आमच्या फौजेत हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. हो म्हणायचं तरी सियाप, कळलं नाही तरी सियाप, जागा आहेस का असं विचारलं तर झोपेतही सियाप. आणि वरिष्ठाने झापलं, की चूक कुणाचीही असो, "सियाप, चुकलो!" विषय संपला.

या क्रियापदाचा जनक खुद्द कॅप्टन हर्तोयो. दर सोमवारी झेंडावंदन झालं की तो जवानांना चार शब्द सांगे, आणि त्या चार शब्दांत कधी ना कधी पाक सिलाबान यायचेच; पाक म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या नावाआधी मानाने लावायचं ‘बाबा’. "माझ्या पहिल्या पलटणीत एक म्हातारा सार्जंट होता. पुराच्या नदीत आमची मशीनगन बुडाली. चूक अधिकाऱ्याची होती. कर्नलने विचारलं, जबाबदार कोण? तर सिलाबान पुढे झाला आणि म्हणाला, सियाप, चुकलो! त्याची बढती गेली. पण आयुष्यात त्याबद्दल एक शब्द नाही बोलला. असा असतो जवान!" हे सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून येई. तो अधिकारी कोण, हे तो सांगत नसे. पोरांना अर्थातच ते कळलं होतं, आणि नाव न सांगणं हा कमांडरचा विनय आहे असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

हर्तोयो वाईट अधिकारी होता असं मात्र समजू नका. पोरांना काय वाढलंय ते तो आधी चाखून बघे. कुणाची आई आजारी आहे, कुणाची बायको रुसून माहेरी गेली आहे, सगळं त्याला तोंडपाठ. चालून आल्यावर तो प्रत्येकाचे पाय बघे, नाक न मुरडता. हे सगळं त्याला सिलाबाननीच शिकवलं होतं. आणखी एक गोष्ट शिकवली होती, जी तो हल्ली विसरत चालला होता. "लेफ्टनंट साहेब," सिलाबान म्हणत, "पोरगं सियाप म्हणालं की त्यावर जाऊ नका. त्याला विचारा, भीती कसली वाटते? जे उत्तर येईल ते खरं सियाप."

त्या पावसाळ्यात आजोबा जागे झाले. डोंगराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, आजोबाच म्हणतात. आजोबांनी महिनाभर राख ओकून ठेवली होती, आणि वर पाऊस झाला की ती राख घराएवढाल्या दगडांसकट नदीतून खाली येई. गावं रिकामी करायचं काम हर्तोयोच्या कंपनीकडे होतं. करांगवुनी वाडीतली तरणी माणसं खाली आली होती. म्हातारी माणसं मात्र गायी सोडून यायला तयार नव्हती. वाडीला जायला दोन वाटा. एक चहाच्या मळ्यावरून, लांबची. दुसरी खालच्या पुलावरून, जवळची. त्या दिवशी सकाळीच बटालियनचे कमांडर कर्नल इम्रोन यांनी खालचा पूल बंद करायचा हुकूम काढला होता.

दुपारी कर्नल जिल्ह्याच्या मोठ्या लोकांना घेऊन छावणीत येणार होते. हर्तोयोचं नाव मेजरपदाच्या यादीत होतं. मोठी माणसं येतील तेव्हा वाडीतले सगळे म्हातारे छावणीत गरम सूप पीत बसलेले दिसावेत, अशी त्याची इच्छा होती. इच्छा चांगलीच होती. पण घाई झाली की चांगल्या इच्छेलाही अक्कल राहत नाही.

त्याने रेडिओ उचलला. पलीकडे वाडीतल्या म्हाताऱ्यांना आणायला ट्रक घेऊन निघालेला सार्जंट मेल्की होता. फ्लोरेस बेटावरचा, काळासावळा, हसरा, कंपनीतला सगळ्यात हुशार माणूस. अधिकारी व्हायच्या शाळेसाठी त्याची निवड झाली होती, हर्तोयोच्याच शिफारशीवर. वयाची अट बघता हे त्याचं शेवटचंच वर्ष.

"मेल्की, मळ्यावरून गेलास तर संध्याकाळ होईल. खालच्या पुलाने जा."

"सियाप. पण कमांडर, तो पूल तर सकाळीच—"

"माहीत आहे मला. पाणी घोट्याएवढं आहे, मी स्वतः बघून आलोय."

"सियाप. फक्त नदीचा आवाज जरा वेगळा येतोय, दगड गडगडल्यासारखा. थोडा वेळ थांबून—"

"मेल्की, सियाप की नाही?"

रेडिओ क्षणभर नुसता खरखरला.

"सियाप!"

भीती कसली वाटते, हे त्याने विचारलं नाही. मेल्कीने न विचारताच सांगितलं होतं, तेही त्याने कानाआड केलं. आणि हे सगळं कंपनीतल्या प्रत्येक गाडीत, प्रत्येक पाठीवरच्या रेडिओत स्वच्छ ऐकू गेलं होतं.

ट्रक पुलाच्या मध्यावर असताना नदी आली. ट्रक चालवणारा कास्नो आत अडकला. मेल्कीने दार उपटून त्याला ओढून काढलं, पण कास्नोचा पाय दगड आणि पत्र्यामध्ये सापडला होता. तो पाय पुढे इस्पितळात कापावा लागला. ट्रक जाताना वाहून गेला. परतीच्या वाटेवर असता तर त्यात करांगवुनीचे म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या असत्या. 

कर्नल इम्रोन छावणीऐवजी थेट नदीवरच आले. बरोबरची मोठी माणसं छत्र्या धरून मागे उभी राहिली.

"हा पूल मी बंद केला होता," कर्नल म्हणाले. "गाडी इथून न्यायचं कुणी ठरवलं?"

मेल्की डोक्यापासून पायापर्यंत राखाडी चिखलाने माखला होता. त्याने एकदा हर्तोयोकडे बघितलं. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि टाचा जुळवल्या.

"सियाप, चुकलो! निर्णय माझा होता."

हर्तोयोने तोंड उघडलं होतं. हे तो नंतर स्वतःला अनेकदा सांगणार होता, की तोंड उघडलं होतं. पण इतक्या लोकांसमोर कसं, आधी कास्नोला तर इस्पितळात पोचवू, संध्याकाळी कर्नलना एकटं गाठून सांगू, असं काय काय त्याच्या मनात एकदम दाटलं आणि तोंड पुन्हा मिटलं.  कर्नल मेल्कीला काय बोलत होते ते त्याला नीट ऐकूही आलं नाही. संध्याकाळी त्याने कर्नलना गाठलं नाही. गाठलं मेल्कीला.

"का बोललास तसं?"

"सियाप."

"सियाप नको. उत्तर दे."

मेल्की हसला. "कमांडर, दर सोमवारी तुम्हीच तर सांगता. आणि खरं सांगू का, तुम्ही मेजर झालात तर आम्हा सगळ्यांचं भलं आहे. माझं काय, मी सार्जंट बराच आहे. अधिकाऱ्याची टोपी माझ्या डोक्याला बसलीच नसती."

 हर्तोयोने मेल्कीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू खरा जवान आहेस." शब्द बाहेर पडले आणि त्याला स्वतःचीच किळस आली. चोराने घरमालकाला शाबासकी द्यावी तसं ते झालं होतं.

रविवारी तो पाक सिलाबानकडे गेला. निवृत्तीनंतर सिलाबान शहराबाहेर बायकोच्या खाणावळीत राहत होते; म्हणजे बायको माशांचं कालवण रांधायची आणि हे दिवसभर ट्रक ड्रायव्हरांशी बुद्धिबळ खेळून त्यांना शिव्या द्यायचे. खाणावळीत डुकराचं मांस शिजायचं, म्हणून मुसलमान हर्तोयोसाठी त्या बाईने एक वेगळा पेला ठेवला होता. त्यात तिने न विचारताच कॉफी आणून ठेवली.

"ये, लेफ्टनंट!" सिलाबान ओरडले. हर्तोयो कॅप्टन झाला होता हे त्यांनी कधी मानलंच नाही. नोकरीत असताना ते त्याला अहो-जाहो करत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून अरे-तुरे. "ऐकलं मी. पोराचा पाय गेला म्हणे. आणि चूक म्हणे सार्जंटची."

"पाक, चूक माझी होती."

"ते मी ऐकलं तेव्हाच ओळखलं."

हर्तोयोने सगळं सांगितलं. सांगताना तो पेल्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "त्याने तुमच्यासारखंच केलं, पाक. अगदी तुमच्यासारखं."

सिलाबाननी समोरच्या ड्रायव्हरला हातानेच ऊठ म्हटलं. तो गेल्यावर त्यांनी बुद्धिबळाचा पट बाजूला सारला. 

"माझ्यासारखं म्हणजे कसं रे? मी त्या दिवशी काय केलं असं तुला वाटतं?"

"माझी चूक तुम्ही अंगावर घेतलीत."

"गाढवा, मी तुला वाट करून दिली होती! बाताक माणूस आहे मी, एवढं आडून बोलायची मला सवय नाही, पण कर्नलपुढे लेफ्टनंटला ढकलता येत नाही. म्हटलं, मी चुकलो म्हणतो, म्हणजे या पोराला पुढे येऊन ‘नाही, हुकूम माझा होता’ म्हणायला सोपं जाईल. सार्जंटने अंगावर घ्यायचं आणि अधिकाऱ्याने ते काढून घ्यायचं, अशीच रीत होती आमच्या वेळी. मी बोललो आणि थांबलो. तुझ्याकडे बघत थांबलो. कर्नलही थांबला होता, त्याला काय कळत नव्हतं? आणि तू आपल्या बुटांकडे बघत होतास."

हर्तोयोने मान वर केली. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू दर नाताळला केक पाठवायचास. केक खाऊन काय बोलू?" सिलाबान हसले, पण ते हसू टिकलं नाही. "खरं सांगू, लाज वाटली. तुझी नव्हे, माझी. शिकवायला गेलो एक आणि शिकलास भलतंच. वर ते तू दर सोमवारी पोरांना शिकवतोस, हे कळल्यापासून मी बटालियनच्या वर्धापनदिनाला यायचंच सोडलं. माझ्या नावाने टाळ्या पडायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"आता काय करू मी?"

"मला काय विचारतोस? मी निवृत्त माणूस. कॉफी निवते आहे, पी."

हर्तोयो तिथून सरळ कर्नल इम्रोनच्या बंगल्यावर गेला. कर्नल बागेत पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना किडे भरवत होते. हर्तोयोने टाचा जुळवल्या आणि एका दमात सांगून टाकलं. पुलावरून जायचा हुकूम माझा. मेल्कीने दोनदा अडवलं. मी ऐकलं नाही. शिक्षा मला व्हावी.

कर्नलनी हातातला किडा खाली ठेवला. त्यांचे डोळे ओलावले होते.

"मला माहीत होतं तू येणार," ते म्हणाले. "परवाच मी बायकोला म्हटलं, हर्तोयो येईल आणि सगळं आपल्या अंगावर घेईल. सिलाबानचा चेला ना तू!"

"कर्नल, मी अंगावर घेत नाहीये. हे खरं आहे."

"असंच म्हणायचं असतं."

"रेडिओवर हुकूम मी दिला!"

"ड्रायव्हरला मी इस्पितळात जाऊन विचारलं. तो म्हणतो त्याने काही ऐकलं नाही. सार्जंट म्हणतो निर्णय त्याचा. उरलास तू एकटा. आपल्या माणसासाठी खोटं बोलणारा अधिकारी मला हवाच आहे रे, पण कागदावर मी खोटं कसं घालू?"

"मी लेखी देतो."

"दे. मी चौकट करून भिंतीवर लावतो." आणि कर्नलनी चक्क त्याला मिठी मारली.

हर्तोयो जितकं खरं बोलत होता तितका तो कर्नलच्या नजरेत मोठा होत होता. तोंडावर थुंकले असते तरी त्याला बरं वाटलं असतं. बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडताना त्याच्या मनात आलं, अजून पोरं आहेत. पोरांनी सगळं ऐकलं आहे.

सोमवारी झेंडावंदनाला कर्नल स्वतः आले. कंपनी रांगेत उभी होती, मेल्की आपल्या जागी पहिल्या ओळीत. कर्नलनी सांगून टाकलं की शाळेची यादी सार्जंट मेल्कीच्या नावाशिवाय वर जाईल, फौजेत चुकीला किंमत मोजावी लागते. मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पण तुमचा कॅप्टन काल माझ्याकडे आला आणि म्हणाला, शिक्षा मला द्या, चूक माझी आहे. असा कमांडर नशिबाने मिळतो, पोरांनो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्तोयो पुढे झाला.

"कर्नल, यांना विचारा. रेडिओ सगळ्यांचे चालू होते. मी मेल्कीला काय हुकूम दिला, ते या सगळ्यांनी ऐकलंय."

कर्नल हसत बाजूला झाले. "विचार बाबा, तूच विचार."

रेडिओवाला सुपार्दी समोरच उभा होता. त्या दिवशी हर्तोयोपासून हातभर अंतरावर तोच होता. हर्तोयो बोलला होता तो त्याच्याच पाठीवरच्या रेडिओवरून.

"सुपार्दी, मी काय बोललो?"

"सियाप! बॅटरी उतरली होती, कमांडर!"

"वांडी, तू दुसऱ्या गाडीत होतास."

"सियाप, चुकलो! मी दुसऱ्याच वाहिनीवर होतो!"

"हा माझा हुकूम आहे. ज्याने ऐकलं त्याने एक पाऊल पुढे यावं."

"सियाप!" सगळी कंपनी एका आवाजात गरजली, आणि जागचा कुणी हलला नाही. मागच्या ओळीतून आचारी ओरडला, "सियाप, मी झोपलो होतो, कमांडर!" आणि रांगेतून दबलेलं हसू फिरलं. चेहरे कसे फुलले होते सगळ्यांचे! आपण कमांडरला वाचवतोय, आपल्या परीने आपण सगळे आज सिलाबान आहोत, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. याच पोरांचे पाय त्याने तपासले होते, यांच्या आयांची दुखणी विचारली होती. ती त्याच्यावर जीव टाकत होती, आणि त्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होती. हे त्यांना त्यानेच शिकवलं होतं, सोमवारमागून सोमवार. ती हसताना बघून त्याला नदीकाठी वाटली नव्हती इतकी लाज वाटली. कर्नल समाधानाने मान डोलवत गाडीत जाऊन बसले.

रांग मोडली. हर्तोयोने मेल्कीला ट्रकांच्या शेडपाशी गाठलं.

"मी सोडणार नाही, मेल्की. कर्नलच्या वर जाईन. सगळं लिहून देईन."

"नका जाऊ, कमांडर." आज त्याने पुढे सियाप लावलं नाही.

"अरे, पण मी खरं बोलतोय!"

"खरं बोलताय ते मला नाही माहीत तर कुणाला? कान माझाच होता ना रेडिओला." मेल्की हसत नव्हता. "पण तुम्ही जितक्यांदा बोलता तितक्यांदा तुमची पाठ थोपटली जाते. मी दर वेळी तोच, कास्नोचा पाय घालवणारा. काल माझी बायको म्हणाली, एवढा देवमाणूस कमांडर मिळालाय, त्याचं ऐकायला काय झालं होतं तुला? काय सांगू मी तिला?"

हर्तोयो म्हणाला, "तू तर म्हणाला होतास... अधिकाऱ्याची टोपी तुझ्या डोक्याला..."

"कमांडरसमोर सार्जंट आणखी काय म्हणणार? नदीकाठी मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"मला वाटलं, तू मला गप्प राहायला सांगतोयस."

"गप्प राहायला कोण कशाला सांगेल?" मेल्की म्हणाला. "तुम्ही तेव्हाच दोन शब्द बोलला असतात तर तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या. म्हणून तर ते खरे वाटले असते."

मग त्याने सलाम ठोकला, अगदी नियमाप्रमाणे, आणि तो शेडमध्ये निघून गेला. हर्तोयोचा हात सवयीने कपाळापर्यंत गेला, आणि मेल्की दिसेनासा झाल्यावरही कितीतरी वेळ तिथेच राहिला.